या नंबरवर फोन करू नये

मेसेज आला तेव्हा माझ्या हातात तुळसाबाईचा अंगठा होता. बाईचं वय सत्तरीच्या पुढं, सारा जन्म निंदणात गेलेला, अंगठ्यावरच्या रेघा पार झिजून गेलेल्या. मशीन काही केल्या तो अंगठा ओळखत नव्हतं. मी ओल्या फडक्यानं पुसला, कोरडा केला, काचेवर ठेवून वरून दाबला. लाल लाइट. पुन्हा पुसला. पुन्हा लाल. "बाबू, थो अंगठा माहाच हाये ना, पाय बरं नीट," बाई म्हणाली आणि आपणच हसली. तेवढ्यात टेबलावर माझा फोन थरथरला. त्यात काही नवल नाही, माझा फोन दिवसभर थरथरतच असतो. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात तहसीलच्या रस्त्यावर माझं ऑनलाइनचं दुकान आहे. दाखले, पीकविमा, केवायसी, शिष्यवृत्ती, जे जे सरकारला कॉम्प्युटरवर लागतं ते सारं मी भरून देतो, आणि ज्यांच्याजवळ फोन नाही त्यांच्या फॉर्मवर बेधडक माझाच नंबर टाकतो. फॉर्मला दहा आकडे लागतात. दहा आकडे टाकल्याशिवाय तो पुढं सरकत नाही, आणि ते कोणाचे हे त्याला काय ठाऊक! अशानं अर्ध्या तालुक्याचे ओटीपी माझ्या खिशात वाजतात. कोणाची गॅसची टाकी निघाली, कोणाच्या पोरीचा अर्ज परत आला, हे त्यांच्या आधी मला कळतं. म्हणून मी एका डोळ्यानं मेसेज पाहिला, आणि मग अंगठा सोडून दोन्ही डोळ्यांनी पाहिला.

वाशीमच्या कुठल्याशा सल्ला केंद्राचा होता. 'नमस्कार. या मोबाईल क्रमांकाशी जोडलेली एक वैयक्तिक नोंद आमच्याकडे जून २०१७ पासून आहे. नाव: र* अ*. आपल्या माहितीवर आपला हक्क आहे. नोंद पाहण्यासाठी, ठेवण्यासाठी किंवा खोडण्यासाठी खालील लिंक उघडा. सात दिवसांत उत्तर न आल्यास नोंद कायमची खोडली जाईल.' र आणि अ. रत्नमाला अश्वजित. माझी बायको, आणि मी. बाहेर एसटीनं हॉर्न दिला, समोरच्या टपरीवर कोणीतरी कप आदळला, आणि तुळसाबाई माझ्या तोंडाकडं पाहत होती. "कोनाचं काई वाईट?" "नाही बाई, कंपनीचा हाये," मी म्हणालो. खोटं माझ्या तोंडून इतकं चटकन निघालं की माझं मलाच बरं वाटलं नाही. सल्ला केंद्र! कसला सल्ला? शेतीचा, कोर्टाचा, पोटाचा? सल्ला माणूस कोणाला मागतो? घरात ज्याच्याजवळ मागता येत नाही तो बाहेर मागतो. मी फोन उपडा ठेवला आणि पुन्हा अंगठा धरला. या वेळी हिरवा लाइट आला.

स्क्रीनवर नेहमीचा चौकोन आला, 'मी सहमत आहे'. पूर्वी मी त्याच्याकडं पाहतही नव्हतो, बोट आपोआप जायचं. साऱ्या तालुक्याच्या वतीनं मी वर्षानुवर्षं सहमत होतो. पण मागच्या महिन्यात वाशीमला आमचं प्रशिक्षण झालं. हॉलमध्ये पंखे बंद, आणि एक तरुण साहेब पडद्यावर दाखवत होता की लोकांच्या खाजगी माहितीचा कायदा तेवीस साली झाला, त्याचे नियम पंचवीसच्या शेवटी आले, हळूहळू सगळ्यांना पाळावे लागतील. की माहिती ज्याची, हक्क त्याचा. की संमती विचारून घ्यायची, समजावून घ्यायची, आणि दिलेली संमती माणसाला परत घेता आली पाहिजे. मागच्या रांगेतले सारे दुकानदार फिदीफिदी हसत होते. मी मात्र हसलो नाही. मला ते लागलं. परत आल्यावर मी कागदावर मोठ्या अक्षरात छापून दुकानात चिकटवलं, 'विचारल्याशिवाय खूण करणार नाही', आणि त्याचा फोटो घरी रत्नाला दाखवला. ती कपड्यांच्या घड्या करत होती. तिनं तो नीट वाचला, म्हणाली, "चांगलं हाये," आणि घड्या करत राहिली. तर त्या कागदाला जागून मी तुळसाबाईला विचारलं, "बाई, तुमची माहिती त्यायले देऊ का?"

"कोनती माहिती?"

"नाव, वय, वावर किती एकर, आधारचा नंबर."

"हे त साऱ्या गावाले माहित हाये. तू काहून इचारून राह्यला? टाक ना हो म्हनून."

"तसं नाही बाई. आता कायदा हाये. तुमी सोता हो म्हणलं पाह्यजे."

"अन नाही म्हणलं त?"

"त फॉर्म पुढं जात नाही."

"मंग इचारतं कायले रे बाबू?" बाई म्हणाली, आणि पिशवी उचलून जय भीम घालून निघून गेली. मी चौकोनात खूण केली.

मी संशयी माणूस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं ऐकणाऱ्याला तसं वाटेल. मला नुसतं माहीत असलेलं बरं वाटतं, एवढंच. माहीत असलं की जीव थाऱ्यावर राहतो. आता त्या मेसेजचंच घ्या. बायकोचं नाव पाहिल्याबरोबर मी काही घराकडं पळालो नाही. मी आधी ती जुनी वही काढली जिच्यात कोणाकोणाच्या फॉर्मवर माझा नंबर आहे ते लिहून ठेवतो, आणि र आणि अ शोधत बसलो. एक रुक्मिणाबाई आत्माराम सापडली, शिरपूरची. मला एवढा आनंद झाला! लगेच तिच्या पोराला फोन लावला. "तुही माय वाशीमले कोन्या सल्ला केंद्रात गेलती काय?" तो म्हणाला, "भाऊ, माही माय शिरपूरच्या जैन मंदिराच्या पुढं कधी गेली नाही, अन आता त तिले जाऊन दोन वर्स झाले." मी वही मिटली. वहीत दुसरं र आणि अ नव्हतं. दुपारभर मी लोकांचे फॉर्म भरले, आणि प्रत्येक फॉर्मवर 'पत्नीचे नाव' हा रकाना आला की माझं बोट क्षणभर थांबत होतं.

जून सतरा. त्या वेळी घरात एकच फोन होता, माझा. तिला कोणाला बोलायचं असलं की ती माझ्याकडून घ्यायची, बोलून झालं की परत द्यायची, आणि मी विचारायचो, कोण होतं, काय म्हणे. यात वावगं काय? तिची बहीण असायची, नाहीतर आमच्या पोरीच्या, धम्मदीपाच्या शाळेतली बाई. पण त्या जूनमधला एक दिवस मला आठवत होता, गुरुवार होता, कारण गुरुवारी आमच्या मालेगावात दुकानावर गर्दी कमी असायची आणि मी दुपारी जेवायला घरी गेलो तर कुलूप. संध्याकाळी ती आली. म्हणाली, वाशीमला गेले होते, डोळ्यांचा नंबर काढायला. मी विचारलं, कोणत्या डॉक्टरकडं? तिनं नाव सांगितलं. किती नंबर निघाला? ती म्हणाली, चष्मा लागत नाही म्हणाले. आता नऊ वर्षांनी दुकानात बसल्या बसल्या मला दिसलं की तेव्हापासून ती सुईत दोरा ओवायला माझ्याकडंच देते. डोळे तपासून आलेली बाई सुई दुसऱ्याकडं देते? तेव्हा हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही! नऊ वर्षं एक खोटी गोष्ट माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी बसून जेवत होती, आणि मी जो माणसाच्या आवाजावरून ओळखतो की हा दाखला खरा की खोटा, त्या मला तिचा पत्ता नव्हता. संताप आला. आणि त्याच्या खाली भीती होती, तीही सांगतो. ती सोडून जाण्याची नाही. आत्तापर्यंत जिच्यासोबत राहिलो ती ही नव्हेच, ही भीती.

माझे बाबा निरक्षर होते. मोठे काका नागपूरला गिरणीत, त्यांचं पत्र आलं की बाबांना ते घेऊन चावडीवर जावं लागायचं. तिथं वाचता येणारा एक जण होता. तो ओट्यावर बसायचा, बाबा खाली उभे, आणि तो मोठ्यानं वाचायचा. चार माणसं ऐकत बसायची. काकूचं बाळंतपण, काकाचं आजारपण, भावाभावातलं भांडण, सारं गावाला आधी, बाबांना त्यांच्यासोबत. मधेच तो वाचणारा थांबून टीका करायचा, "तुहा भाऊ लय शाना हाये रे!", आणि सारे हसायचे. मी बाबांचं बोट धरून उभा असायचो. घरी येताना बाबा एक अक्षर बोलायचे नाहीत. मला शाळेत घातलं त्या दिवशी म्हणाले, "आपलं पत्र आपल्या डोयानं वाचता आलं पाह्यजे." ही गोष्ट मी धम्मदीपाला शंभरदा सांगितली आहे. रत्नानंही शंभरदा ऐकली आहे. मी वाचायला शिकलो, आणि मग दुसऱ्यांची पत्रं वाचायच्याच धंद्यात पडलो. आधी एसटीडीचं बूथ होतं माझं. काचेचं दार नीट लागायचं नाही, आणि मी ते कधी दुरुस्तही केलं नाही. कोण कोणाला काय बोललं ते सारं माझ्या कानावर यायचं. पण एक सांगतो, त्यातला एक शब्द मी कोणाला सांगितला नाही. ऐकणं वेगळं आणि सांगणं वेगळं. मला वाटायचं, एवढं पाळलं की माणूस सज्जन.

तर ते सहा दिवस मी रत्नावर लक्ष ठेवून होतो. तिनं काही वेगळं केलं असतं तर बरं झालं असतं. पण ती सकाळी उठली, झाडलं, चहा ठेवला, भाकरी थापल्या, अकोल्याला धम्मदीपाला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिचा फोन पाहिला. तो मीच घेऊन दिला होता एकवीस साली, पासवर्डही मीच टाकला, धम्मदीपाची जन्मतारीख, म्हणजे घरात दोघांना माहीत असावा, वेळप्रसंग काही सांगून येत नाही. फोनमध्ये काही नव्हतं. अगदी काही नव्हतं. कंपनीचे फालतू मेसेज असतात, रिचार्जचे, लॉटरीचे, तेसुद्धा नव्हते. सारवून ठेवलेल्या अंगणासारखा साफ. मला तेच खटकलं. माणसाचा फोन इतका साफ कशाला लागतो? जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुह्या डोयाचं काय झालं व, नंबर काढून पाह्यला पाह्यजे." तिनं भाजी वाढली. "काहून, आज आठोलं?" "तसंच. पह्यले काढला होता ना वाशीमले?" "हो," ती म्हणाली, आणि माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत भीती नव्हती. काय होतं ते मला वाचता आलं नाही. ती जराशी थांबली, मी आणखी काही बोलीन याची वाट पाहिल्यासारखी, आणि मग म्हणाली, "अजून भाकर देऊ?" मी नको म्हणालो. त्या थांबण्याचा मी तेव्हा भलताच अर्थ लावला. मला वाटलं, पकडली गेली म्हणून थांबली.

विचारून टाकावं असं मनात आलं नाही असं नाही. रोज आलं. सकाळी चहा घेताना तोंडापर्यंत यायचं, रत्ना, असा असा मेसेज आला आहे, तुझा आहे, घे. एवढंच तर बोलायचं होतं. पण विचारलं तर ती सांगणार तेवढंच कळणार. आणि ती 'नाही' म्हणाली तर? लिंक माझ्या फोनवर, ओटीपी माझ्या फोनवर येणार, सारं माझ्या हातात. आणि मी आपल्या हातानं ते तिच्या हाती देऊन तिच्या तोंडाकडं पाहत बसू? साहेबानं हॉलमध्ये सांगितलं होतं, माहिती ज्याची, हक्क त्याचा. मी मनात त्याच्याशी भांडायचो. बायकोनं नवऱ्याबद्दल काही सांगितलं असलं तर ती माहिती कोणाची, सांगणाऱ्याची की ज्याच्याबद्दल सांगितली त्याची? तिच्या नोंदीत मी असणार, नाहीतर आणखी कोणी असणार. मी असलो तर ती माझी. दुसरा असला तर मग तर मला कळायलाच पाहिजे. दोन्हीकडून उत्तर एकच निघत होतं, आणि ते इतकं सोयीचं होतं की त्याच्यावरही माझा भरवसा बसेना.

सोमवारी तुळसाबाई परत आली. तिचा फॉर्म परत आला होता, नावात काहीतरी जुळत नव्हतं. मी पुन्हा अंगठा घेतला, पुसला, दाबला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मला राहवलं नाही. म्हणालो, "बाई, घरात कोनी आपल्यापासून काही लपवून ठेवलं असन, त पाहावं का?"

"म्या लपोलं हाये ना," बाई म्हणाली. "चाळीस वर्स झाले."

"काय?"

ती अशी खदखदून हसली की तिच्या अंगठ्याखालचं मशीन हललं. "आव माय! तुले सांगतलं त मंग लपोलं कसं रे?" मग डोळे पुसत म्हणाली, "वावर पोराच्या नावावर, घर पोराच्या नावावर, अंगठा तुह्या मशीनले. घे बाप्पा, दाब लवकर, माही गाडी जाईन." मी दाबला. ती गेल्यावर मी बराच वेळ तिच्या त्या चाळीस वर्षांच्या गोष्टीचा विचार करत होतो. काय असेल? कोण असेल? म्हणजे पाहा, ज्या बाईशी माझं काही देणंघेणं नाही तिचंही मला माहीत पाहिजे होतं.

बुधवार शेवटचा दिवस. रात्री बाराला नोंद कायमची जाणार होती. जाऊ दे, असं मी सकाळपासून स्वतःला सांगत होतो. तीन वाजता गर्दी ओसरली. चार वाजता मी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं, खुर्ची भिंतीला लावली आणि लिंक उघडली. ओटीपी आला. सहा आकडे. टाकले. मग चौकोन आला, 'ही माहिती माझी स्वतःची असून मी स्वतः ती पाहत आहे.' माझ्या डोक्यावर भिंतीला माझाच कागद चिकटवलेला होता. मला तो दिसला. खरं सांगतो, बोट थांबायला पाहिजे होतं असं मला नंतर वाटलं. तेव्हा ते थांबलं नाही. इतक्या वर्षांची सवय. खूण झाली.

एकच पान होतं. हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो. दिनांक १५ जून २०१७. नाव, वय एक्केचाळीस, शिक्षण बारावी. खाली प्रश्न छापलेले आणि पुढं कोणीतरी सल्ला देणाऱ्या बाईनं घाईघाईत लिहिलेलं. मारहाण: नाही. दारू: नाही. दुसरी बाई: नाही. माहेरून मागणी: नाही. मी एकेक 'नाही' वाचत खाली येत होतो आणि माझी छाती फुगत होती. पोराचा निकाल वाचावा तसं वाटत होतं. बघा, सगळ्या विषयांत पास! दुसरा कोणी माणूस नव्हता, रोग नव्हता, काहीच नव्हतं. मग 'अडचण, बाईंच्या शब्दांत' असा रकाना होता. तिथं लिहिलं होतं: 'ते वाईट नाहीत. पोरीवर, माझ्यावर जीव आहे. पण घरात माझं एकटीचं असं काहीच नाही. मी कोणाशी बोलले, काय बोलले, सारं त्यांना सांगावं लागतं. रडू आलं तरी का आलं ते सांगावं लागतं, मग रडूच येत नाही. मला तक्रार करायची नाही. मला फक्त एक गोष्ट अशी पाहिजे होती की जी त्यांना माहीत नाही. मी आज इथं आले हे त्यांना माहीत नाही. तेवढंच लई बरं वाटतंय.' खाली, पुढील भेट २९ जून. त्याच्यापुढं दुसऱ्या शाईनं, आल्या नाहीत. आणि मोबाईल क्रमांकाच्या जागी माझे दहा आकडे, कंसात 'पतीचा', आणि त्याखाली दोन रेघा मारून लिहिलेलं: या नंबरवर फोन करू नये.

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. बाहेर कोणीतरी शटरवर थाप मारली, "भाऊ, चालू हाये का?" मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो: मला वाटलं, एवढंच? एवढ्यासाठी वाशीमला गेली? आणि मग हळूहळू मला कळलं की तिच्याजवळ 'एवढंच' होतं, आणि तेवढंही मी घेऊन बसलो होतो. नऊ वर्षं तिच्याजवळ एक गोष्ट होती. ती तिनं कुठं खर्च केली नाही, कोणाला दाखवली नाही. सुई माझ्याकडं देताना, भाजी वाढताना, माझ्या 'कोण होतं, काय म्हणे'ला उत्तर देताना ती गोष्ट तिच्याजवळ होती. आता ती माझ्याजवळ होती. चावडीवर तो ओट्यावर बसलेला माणूस मला आठवला, त्याचं तोंड नव्हे, त्याची मांडी, आणि मांडीवर उघडं पडलेलं काकाचं पत्र. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आली होती, ती मी सगळ्यात शेवटी वाचली. 'ही नोंद आज दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी पाहण्यात आली. तशी सूचना नोंदीतील दोन्ही क्रमांकांवर पाठवण्यात आली आहे.' दोन्ही? माझ्या हातातला फोन थरथरला. घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर नाहीतर गादीवर, त्याच क्षणी आणखी एक फोन थरथरला असणार.

घर दुकानापासून गाडीवर पाच मिनिटं. मी साडेसातला पोचलो. ती वाट पाहत वगैरे बसली नव्हती. तिनं ताट केलं, पाणी ठेवलं, समोर बसली. मी पहिला घास घेतला तेव्हा म्हणाली, "पाह्यलं?"

"काय?"

"चार वाजून बारा मिन्टं," ती म्हणाली.

"तुह्या फोनवर मेसेज कसा आला?"

"माहा फोन आला तवाच म्या त्यायले कयवलं होतं, आता माहा नंबर हाये म्हनून. त्यायनं जुना खोडला नाही, त्याले मी काय करू? तो सात दिवसाचा मेसेज मले बी आलता. त्याच दिवशी. तुमी फोन पाहता म्हनून खोडला."

"मंग उत्तर काहून नाही देलं?"

"पाहत होती."

"काय पाहत होती?"

"तुमी इचारता का ते." ती माझ्याकडं सरळ पाहत होती, आणि त्या दिवशी भाजी वाढताना ती जशी थांबली होती तशीच थांबली. ते थांबणं मला आता वाचता आलं. "सात दिवस होते. लोकायले इचारता तुमी, माहिती देऊ का म्हनून. दुकानात कागद लावला, मले फोटो दाखोला. मले वाटलं, आता मलेबी इचारन हा मानूस."

"इचारलं असतं त सांगतलं असतं तू?"

तिनं थोडा विचार केला. "सांगतलं असतं का नसतं, ते माह्या हाती राह्यलं असतं," ती म्हणाली. "मामाजीची, चावडीवरच्या पत्राची गोष्ट तुमीच सांगता पोरीले." मी ताटाकडं पाहत बसलो. चुकलं माझं, असं मी म्हणालो. तिनं ऐकलं. ती रागावली असती, रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. मग तिनं फोन घेतला, ती सूचना उघडली, फोन डोळ्यांपासून लांब धरून हळूहळू वाचली. "नोंद ठेवा, का खोडा, इचारून राह्यले," ती म्हणाली, मला नव्हे, फोनला. आणि 'ठेवा' दाबलं. "उद्या गुरुवार हाये. नऊच्या गाडीनं वाशीमले चालली. एक भेट राह्यली होती."

"कायले?" माझ्या तोंडून गेलंच. जीभ चावेपर्यंत गेलं होतं.

'डोळ्यांचा नंबर काढायला' असं ती या वेळी म्हणाली नाही. मांडीवर फोन ठेवून ती पासवर्ड बदलायला लागली, जसा मीच तिला एकवीस साली शिकवला होता तसा, पायरी पायरीनं. मी तोंड भिंतीकडं केलं. मी पाहत नव्हतो. खरंच सांगतो, मी पाहिलं नाही. फक्त तिच्या फोनवर आकडा दाबला की बारीक आवाज येतो. तो सहा वेळा आला, आणि त्यातले दोन इतके लगोलग आले की बोट जागचं हललं नव्हतं, म्हणजे ते दोन आकडे एकच होते.